उद्दिष्टाकडून आवश्यकतेकडे : संगणक प्रणाली मागवण्यापूर्वी काय लिहून काढावे

एखादे आस्थापन नवी संगणक प्रणाली मागवते तेव्हा तिच्यामागे काही उद्दिष्ट असते. ग्राहकाला ताटकळावे लागू नये, माल वाया जाऊ नये, वसुली वेळेवर व्हावी, खर्च आटोक्यात यावा, अशा स्वरूपाची ही उद्दिष्टे असतात. प्रणाली बांधणाऱ्याला मात्र उद्दिष्ट जसेच्या तसे बांधता येत नाही. ‘ग्राहक समाधानी असावा’ हे वाक्य संगणकाला कळत नाही. अमुक माहिती आली की अमुक वेळात अमुक कृती करावी, ती अमुक व्यक्तीलाच दाखवावी आणि तिची नोंद ठेवावी, असे त्याला सांगावे लागते. अशा तपासून पाहता येण्याजोग्या विधानाला सॉफ्टवेअरच्या परिभाषेत ‘आवश्यकता’ म्हणतात. उद्दिष्टापासून आवश्यकतेपर्यंतचे हे काम पुष्कळदा एखाद्या बैठकीत, तोंडी आणि घाईने उरकले जाते. मग पैसा आणि वेळ खर्च होऊन हाती येणारी प्रणाली सांगितल्याप्रमाणे चालते, पण ज्यासाठी ती मागवली ते साध्य होत नाही.

हा प्रश्न नवा नाही. १९६८ साली जर्मनीतील गार्मिश येथे ‘नाटो’च्या पुढाकाराने भरलेल्या परिषदेत, मोठे प्रकल्प वारंवार रखडतात आणि अपेक्षाभंग करतात, याची चर्चा झाली. ‘सॉफ्टवेअर अभियांत्रिकी’ हा शब्दप्रयोग त्या परिषदेपासून रूढ झाला. अमेरिकन संगणकतज्ज्ञ फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९८६ साली ‘नो सिल्व्हर बुलेट’ या निबंधात असे मत मांडले की, सॉफ्टवेअर बांधण्यातील सर्वांत अवघड भाग म्हणजे नेमके काय बांधायचे हे ठरवणे. आवश्यकता कशा लिहाव्यात यासाठी आज ‘आयएसओ/आयईसी/आयईईई २९१४८’ हे आंतरराष्ट्रीय मानकही उपलब्ध आहे. तरीही चूक होते ती बहुधा लिहिलेल्या वाक्यांत नसते. जे लिहिलेच गेले नाही, त्यात ती असते.

निसटणारा दुवा : गृहीतक

उद्दिष्ट हे बाहेरच्या जगाविषयीचे विधान असते. ‘रुग्णवाहिका लवकर पोहोचावी’, ‘डब्यातील जागा रिकामी जाऊ नये’ ही विधाने रस्ता, रुग्ण, चालक, प्रवासी यांच्याविषयी आहेत. आवश्यकता हे यंत्राच्या वागणुकीविषयीचे विधान असते. या दोहोंच्या मध्ये एक तिसरी गोष्ट असते, ती म्हणजे माणसे आणि परिस्थिती कशी वागेल याविषयीचे गृहीतक. ब्रिटिश संगणकतज्ज्ञ मायकेल जॅक्सन (प्रख्यात गायक नव्हेत) आणि अमेरिकन संशोधक पॅमेला झेव्ह यांनी १९९०च्या दशकात हा संबंध स्पष्ट करून मांडला. त्याचा आशय थोडक्यात असा : यंत्र सांगितल्याप्रमाणे वागले आणि जगाविषयीची गृहीतके खरी ठरली, तरच उद्दिष्ट साध्य होते. गृहीतक खोटे ठरले तर यंत्र निर्दोष असूनही उपयोग नसतो.

म्हणून उद्दिष्टाचे आवश्यकतेत रूपांतर करणे म्हणजे केवळ भाषांतर नव्हे. प्रत्येक आवश्यकतेच्या शेजारी, ‘हे खरे असेल तरच’ या शब्दांनी सुरू होणारे एक वाक्य लिहिणे, हे त्या कामाचे मर्म आहे. ते न लिहिल्यास काय होते, याचे सर्वाधिक अभ्यासले गेलेले एक उदाहरण लंडनचे आहे.

लंडन, ऑक्टोबर १९९२

लंडन रुग्णवाहिका सेवा सुमारे ६०० चौरस मैलांच्या क्षेत्रात काम करीत असे. दूरध्वनीवर आलेली मागणी कर्मचारी कागदी अर्जावर लिहून घेत, नकाशाच्या पुस्तकात ठिकाण शोधत, तो कागद सरकत्या पट्ट्यावरून पुढे जाई आणि मग कोणती गाडी पाठवायची ते दुसरा कर्मचारी ठरवी. यात वेळ जात असे. मागणी आल्यापासून तीन मिनिटांत गाडीला निरोप जावा आणि ९५ टक्के प्रसंगी १४ मिनिटांत ती घटनास्थळी पोहोचावी, असे राष्ट्रीय मानक होते. उद्दिष्ट इतके स्पष्ट आणि मोजता येण्याजोगे क्वचितच असते.

या उद्दिष्टातून निघालेली मुख्य आवश्यकता अशी होती की, मागणी नोंदताच संगणकाने स्वतःच सर्वांत योग्य आणि जवळची मोकळी गाडी निवडावी व तिला निरोप पाठवावा. वाचताना हे वाक्य निर्दोष वाटते. पण त्यामागे एक मोठे गृहीतक होते. प्रत्येक गाडी या क्षणी कोठे आहे आणि ती मोकळी आहे की नाही, हे संगणकाला सदैव अचूक ठाऊक असेल, असे ते गृहीतक. ते खरे ठरण्यासाठी गाडीवरील कर्मचाऱ्यांनी ‘निघालो’, ‘पोहोचलो’, ‘मोकळे झालो’ या अर्थाची बटणे योग्य वेळी व योग्य क्रमाने दाबणे आवश्यक होते. रेडिओ संदेश शहराच्या प्रत्येक कोपऱ्यातून पोहोचणे आवश्यक होते. नेमून दिलेलीच गाडी प्रत्येक चमूने घेणे आवश्यक होते.

२६ ऑक्टोबर १९९२ रोजी सेवा नव्या प्रणालीवर नेण्यात आली आणि ही गृहीतके एकामागून एक कोसळली. काही भागांत रेडिओ संदेश पोहोचत नव्हते. तातडीच्या प्रसंगी कर्मचाऱ्यांकडून बटणे चुकत वा राहून जात. काही चमूंनी वेगळीच गाडी घेतली. संगणकाकडील चित्र आणि रस्त्यावरील वस्तुस्थिती यांत अंतर पडत गेले. एका ठिकाणी दोन गाड्या पोहोचल्या, तर कोठे जवळची गाडी असताना दूरची पाठवली गेली. दुरुस्तीच्या सूचना पडद्यावर इतक्या साचल्या की जुन्या सूचना नजरेआड सरकल्या. गाडी न आल्याने लोक पुन्हा पुन्हा दूरध्वनी करू लागले आणि मागण्यांचा आकडा आणखी फुगला. दुसऱ्या दिवशी दुपारी सेवेला अर्धवट हाताच्या पद्धतीवर परतावे लागले. ४ नोव्हेंबरच्या पहाटे तीही व्यवस्था बंद पडली. आज्ञावलीतील एका किरकोळ दोषामुळे संगणकाची स्मृती थोडी थोडी करून भरत गेली होती.

फेब्रुवारी १९९३ मध्ये चौकशी समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. स्मृतीचा दोष हा निव्वळ तांत्रिक होता, पण ऑक्टोबरमधील गोंधळाचे मूळ वेगळे होते. अतिशय तपशीलवार आवश्यकता-पत्रक तयार झाले होते, परंतु ते तयार करताना रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्यांचा सहभाग नगण्य होता. वेळापत्रक अवास्तव होते, निविदेत किमतीला मोठे वजन होते आणि संपूर्ण प्रणाली एकाच टप्प्यात आणण्याचा आग्रह होता. बटणे दाबणाऱ्या माणसाला कोणी विचारले असते, तर ‘रुग्ण उचलताना हात मोकळा नसतो’ असे एखादे साधे वाक्य पत्रकात आले असते. मग आवश्यकताही बदलली असती : माहिती जुनी वा संशयास्पद असेल तेव्हा संगणकाने स्वतः निर्णय घेऊ नये, तो कर्मचाऱ्यापुढे ठेवावा.

त्याच सेवेने पुढे नवी प्रणाली टप्प्याटप्प्याने आणि कर्मचाऱ्यांना सोबत घेऊन उभी केली. ती १९९६ साली वापरात आली आणि टिकली. उद्दिष्ट तेच होते, शहर तेच होते. आवश्यकता ठरवण्याची रीत बदलली होती.

रेल्वेची रिकामी जागा

चतुर्थीच्या दिवसांत मुंबईहून गोव्याकडे येणाऱ्या गाडीची प्रतीक्षा यादी ज्याने पाहिली आहे, त्याला दुसरे उदाहरण समजावून सांगण्याची गरज नाही. भारतीय रेल्वेचे संगणकीकृत आरक्षण १९८५-८६ मध्ये दिल्लीत सुरू झाले आणि रेल्वेच्या संगणकीय कामासाठी १९८६ साली ‘क्रिस’ ही संस्था स्थापन झाली. त्यापूर्वी वेगवेगळ्या गाड्यांसाठी वेगवेगळ्या खिडक्या आणि नोंदवह्या असत. कोणत्याही खिडकीवरून कोणत्याही गाडीचे तिकीट मिळावे, हे पहिले उद्दिष्ट होते. या व्यवसायाचे आणखी एक कायमचे उद्दिष्ट आहे : यादीत कोणी थांबलेला असताना डब्यातील जागा रिकामी जाऊ नये.

हे उद्दिष्ट साधे दिसते, परंतु त्यातून निघालेल्या आवश्यकता पाहण्याजोग्या आहेत. ‘जो येणार नाही तो वेळेत तिकीट रद्द करील’ हे गृहीतक नेहमी खरे ठरत नाही, हे रेल्वेला अनुभवाने ठाऊक होते. म्हणून ‘आरएसी’ची सोय आली. दोन प्रवाशांना एका शायिकेवर बसण्याची जागा द्यायची आणि कोणी गैरहजर राहिला की त्यांपैकी एकाला पूर्ण शायिका द्यायची. म्हणून गाडी सुटण्यापूर्वी तक्ता तयार होतो आणि त्यानंतरही उरलेल्या जागा विकण्याची व्यवस्था असते. म्हणून तिकीट रद्द करण्यास जितका उशीर, तितकी कपात जास्त. २०१५ साली आलेल्या ‘विकल्प’ योजनेत प्रतीक्षा यादीतील प्रवाशाला त्याच्या संमतीने दुसऱ्या गाडीतील रिकामी जागा देण्याची तरतूद झाली. आता तपासनिसाच्या हाती यंत्र असल्याने गाडीत रिकामी दिसलेली जागा पुढच्या स्थानकावरील प्रवाशासाठी उपलब्ध होऊ शकते.

यातील प्रत्येक सोय ही एका खोट्या ठरू शकणाऱ्या गृहीतकाला दिलेले उत्तर आहे. माणसे नियमाप्रमाणे वागतील अशी आशा न धरता, ती वागली नाहीत तर काय, हा प्रश्न आधी विचारला गेला. प्रतीक्षा यादी यामुळे संपत नाही, कारण मागणी आणि जागा यांतील तफावत सॉफ्टवेअर भरून काढू शकत नाही. उद्दिष्टाचा कोणता भाग प्रणालीच्या आवाक्यात नाही, हे ओळखणे हाही आवश्यकता लिहिण्याचाच भाग आहे.

काम कोणत्या क्रमाने करावे

पहिली पायरी म्हणजे मागणीमागचे उद्दिष्ट शोधणे. मागणारा पुष्कळदा उपाय सांगतो, गरज सांगत नाही. समजा, किनारपट्टीवरील एका लहान हॉटेलचा मालक म्हणतो, ‘आम्हाला ॲप हवे.’ कशासाठी? पाहुण्यांनी थेट खोली नोंदवावी म्हणून. ते कशासाठी? मध्यस्थ संकेतस्थळांना द्यावे लागणारे कमिशन वाचावे म्हणून. येथे खरे उद्दिष्ट समोर येते. मग असे लक्षात येऊ शकते की, वर्षातून एकदा येणारा पाहुणा त्यासाठी ॲप उतरवून घेणार नाही. एक सुटसुटीत नोंदणी पान आणि जुन्या पाहुण्यांना मोसमाआधी जाणारा निरोप यांनी तेच काम कमी खर्चात होईल.

दुसरी पायरी म्हणजे उद्दिष्टाला माप देणे. ‘थेट नोंदणी वाढावी’ हे माप नव्हे. ‘येत्या मोसमाअखेर दर दहा नोंदण्यांपैकी थेट नोंदण्या दोनवरून चारवर याव्यात’ हे माप आहे. आजचा आकडा ठाऊक नसेल, तर तो आधी मोजावा लागतो. नाहीतर प्रणाली आल्यावर फरक पडला की नाही, हे कधीच कळत नाही.

तिसरी पायरी म्हणजे प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना भेटणे. मालक कारभार कसा चालावा ते सांगतो; स्वागतकक्षात बसणारा कर्मचारी तो प्रत्यक्षात कसा चालतो ते सांगतो. अपवाद त्यालाच ठाऊक असतात. दारात अचानक आलेला पाहुणा, एक रात्र वाढवून मागणारे कुटुंब, आगाऊ रक्कम न देता फोनवर ‘ठेवा एक खोली’ म्हणणारा जुना ओळखीचा माणूस, हे सारे कागदावर यावे लागते.

चौथी पायरी म्हणजे कायद्याने घातलेल्या अटी गोळा करणे. वस्तू व सेवा कराचे बिल, परदेशी पाहुण्याची माहिती २४ तासांत कळवण्याची जबाबदारी, पाहुण्याच्या ओळखपत्राची प्रत सुरक्षित ठेवणे, या गोष्टी कोणत्याही बैठकीत ‘उद्दिष्ट’ म्हणून मांडल्या जात नाहीत. त्या राहून गेल्या तर मात्र प्रणाली वापरताच येत नाही.

पाचव्या पायरीवर आवश्यकता लिहायची. त्याच हॉटेलचे एक उदाहरण चार ओळींत असे मांडता येईल :

उद्दिष्ट : एकच खोली दोन पाहुण्यांना दिली जाऊ नये.

माप : मोसमभरात असा एकही प्रसंग घडू नये.

गृहीतक : दारात आलेल्या पाहुण्याची नोंद कर्मचारी लगेच करतो आणि इंटरनेट चालू असते.

आवश्यकता : कोठूनही नोंदणी झाली की एका मिनिटात ती खोली इतर सर्व ठिकाणी बंद दिसावी.

आता गृहीतकाची ओळ पुन्हा वाचावी. पावसाळ्यात वीज आणि इंटरनेट दोन्ही जाऊ शकतात, हे कोणत्याही गोमंतकीयाला सांगावे लागत नाही. तेव्हा आणखी दोन आवश्यकता जन्माला येतात. संपर्क तुटल्यास स्वागतकक्षातील संगणकाने नोंद स्वतःपाशी घ्यावी व संपर्क येताच पुढे पाठवावी. तसेच दर प्रकारातील एक खोली बाहेरच्या संकेतस्थळांवर विक्रीला ठेवू नये, म्हणजे दोन नोंदण्या आल्याच तर पाहुण्याला परत पाठवावे लागणार नाही. दुसरी आवश्यकता तर जवळजवळ फुकटची आहे. ती सुचते मात्र गृहीतक लिहिल्यावरच.

लिहिलेले तपासून कसे पाहावे

चांगली आवश्यकता ओळखण्याची कसोटी सोपी आहे. ती पूर्ण झाली की नाही, हे दोन भिन्न माणसांनी तपासले तर दोघांचे उत्तर एकच आले पाहिजे. ‘प्रणाली वापरण्यास सोपी असावी’ यावर वाद होईल. ‘नव्या कर्मचाऱ्याला अर्ध्या तासाच्या प्रशिक्षणानंतर मदतीविना पाच मिनिटांत पाहुण्याची नोंद करता यावी’ यावर वाद होणार नाही. सुझान आणि जेम्स रॉबर्टसन या तज्ज्ञांनी आपल्या ‘व्होलेरे’ पद्धतीत प्रत्येक आवश्यकतेसोबत असा मोजता येणारा निकष जोडण्यावर भर दिला आहे. प्रणाली ताब्यात घेताना हेच निकष चाचणी म्हणून वापरता येतात आणि देणाऱ्या-घेणाऱ्यांतील वाद टळतात.

सर्वच आवश्यकता एकदम पूर्ण करण्याचा हट्ट धरू नये. डाय क्लेग यांनी १९९४ साली मांडलेली चार गटांची विभागणी आजही प्रचलित आहे : हवीच, असावी, असली तर बरी आणि या खेपेस नको. चौथा गट सर्वांत उपयोगी ठरतो. ‘नको’ हे लिहून ठेवले म्हणजे अर्ध्या वाटेवर मागण्या वाढत जाण्याला आळा बसतो.

याखेरीज प्रत्येक आवश्यकतेला क्रमांक देऊन ती कोणत्या उद्दिष्टासाठी आहे, हे शेजारी नोंदवावे. जिच्यापुढे एकही उद्दिष्ट लिहिता येत नाही, ती आवश्यकता बहुधा कोणाच्या तरी हौसेची असते. उलट ज्या उद्दिष्टाखाली एकही आवश्यकता नाही, ते केवळ प्रस्तावनेत उरलेले असते. पुढे परिस्थिती बदलली, कर बदलला वा नियम बदलला, तर कोणत्या आवश्यकतांना धक्का लागतो, हेही या नोंदीवरून कळते.

छोट्या आवर्तनांत काम करणाऱ्या हल्लीच्या पद्धतींत जाडजूड आवश्यकता-पत्रक लिहीत नाहीत. त्याऐवजी वापरणाऱ्याच्या दृष्टीने लिहिलेल्या छोट्या नोंदी असतात आणि दर काही आठवड्यांनी चालता भाग दाखवून मत घेतले जाते. याचा फायदा असा की, गृहीतक खोटे असल्याचे लवकर उघडकीस येते. धोका असा की, प्रत्येक नोंद स्वतंत्रपणे पूर्ण होत जाते आणि मूळ उद्दिष्ट कोणाच्याच समोर राहत नाही. म्हणून पद्धत कोणतीही असली तरी उद्दिष्ट, माप आणि गृहीतक या तीन ओळी टाळता येत नाहीत.

मोठ्या संस्थांकडे या कामासाठी व्यवसाय-विश्लेषक असतात. लहान दुकानदार, पतसंस्था वा हॉटेलवाले यांच्याकडे ते नसतात, पण तज्ज्ञाविना अडावे असे हे काम नाही. त्यासाठी दोन-तीन पाने, काम करणाऱ्या माणसांशी मोकळे बोलणे आणि प्रत्येक वाक्यानंतर ‘हे खरे नसेल तर?’ असे विचारण्याची सवय एवढेच लागते. बांधकाम सुरू होण्यापूर्वी या प्रश्नाचे उत्तर कागदावर बदलता येते. प्रणाली चालू झाल्यावर तेच उत्तर ग्राहकाच्या तक्रारीतून मिळते.